रामाच्या बापाचं नाव

साल दोन हजार तेवीस. मला पंचाहत्तरावं लागलं होतं. हे पंचाहत्तर आईच्या बोलण्यावरून धरलेलं आहे. ती म्हणायची, तू झालास त्या साली मिठागराचा बांध फुटला होता. तो बांध कधी फुटला हे सांगणारं आता गावात माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही, त्यामुळे माझं वय मी सांगेन ते. शाळा तिसरीपर्यंत. पुढची सगळी विद्या भजनात झाली. हे लिहितोय ते माझं मीच लिहितोय. काना-मात्रा तेवढी सूनबाई बघते, आणि बघताना हसते. तिकडे मी लक्ष देत नाही.

आमचं गाव पनवेलच्या खाडीच्या अंगाला. गावाभोवती पूर्वी भातशेत आणि मीठ होतं, आता बिल्डिंगी आहेत. शेजारचं करंजाडे तर इतकं वाढलं की पत्ता सांगताना लोक आमच्या गावाला 'करंजाड्याच्या मागे' म्हणतात. आमचं गाव कधी कोणाच्या मागे नव्हतं. करंजाडेच आमच्या पुढ्यात येऊन बसलं.

देवळाच्या मागच्या बाजूला भजन मंडळाची खोली आहे. केस काळे होते तेव्हापासून मी त्या मंडळाचा बुवा. त्या वर्षी खोलीचा पत्रा असा गंजला की पाऊस बाहेर थांबला तरी आत चालू राहायचा. पेटीच्या काही पट्ट्या पाणी पिऊन मुक्या झाल्या. आम्ही पेटीवर प्लॅस्टिक टाकून भजन करू लागलो. आमचा पखवाजवाला एक दिवस म्हणाला, "बुवा, आज वाजवायचा हाय का निस्ता सुकवायचा?"

देवस्थानच्या कमिटीनं निरोप दिला की दिवाळीपर्यंत पत्रा बदला, नाहीतर खोली पाणीवाल्याला भाड्यानं जाईल. पाणीवाला म्हणजे बिल्डिंगींना पाण्याचे मोठे जार पुरवणारा. गावचाच आहे, माझ्या डोळ्यासमोर नागडा फिरलेला. त्याला जार ठेवायला गोदाम पाहिजे होतं. आमचं भजन चालू असताना तो एकदा टेप घेऊन आला आणि मापं घ्यायला लागला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बुवा, जरा पाय घ्या." मी घेतला नाही. माझा पाय वजा करून त्यानं माप लिहिलं.

गावात पैसेवाले नव्हते असं नाही. जमिनी गेल्या त्यांचे बंगले झाले, बंगल्यांच्या फाटकावर सिंह बसले. पण ज्याच्या लग्नात मी गायलो त्याच्या दारात पावतीपुस्तक घेऊन मी उभा राहणार नाही. हे मी मंडळात सांगून टाकलं. पखवाजवाला म्हणाला, "मग सिंव्हाला सांगून बगतो."

तेव्हा सूनबाईनं ते अनुदानाचं काढलं. ती बेलापूरला ऑफिसात आहे, तिला असल्या गोष्टी कळतात. मुलगा बंदरावर पाळीला जातो, त्याला झोप सोडून काही कळत नाही.

"बाबा, शहरात एक संस्था आहे," ती भाकरी वाढता वाढता म्हणाली. "गावोगावच्या कला जपणाऱ्या मंडळांना दरवर्षी ग्रँट देते. मंडळ नोंदणीचं पाहिजे आणि नफा न करणारं पाहिजे."

"नफा आमी बगितलेलाच नाय," मी म्हटलं. "म्हंजे आमचाच नंबर पयला."

"अर्ज मी ऑनलाइन भरलाय. पण एक आहे. भजनासाठी आपल्या भागातल्या एकाच मंडळाला मिळणार."

"मिळू दे की एकाला."

"माझ्या बाबांच्या मंडळाचाही अर्ज मीच भरलाय."

आता तिचे वडील म्हणजे माझे व्याही. जासईकडच्या गावात भजनाचे बुवा आहेत. त्यांच्या गावाच्या चारी अंगांनी कंटेनरची गोदामं. तिथं ट्रेलरच्या आवाजात अभंग कोणाला ऐकू जात नाही, म्हणून त्यांना चांगले माईक पाहिजे होते. मला पत्रा, त्यांना माईक.

"दोनी अर्ज सारकेच भरलेस?" मी विचारलं.

"शब्दाला शब्द."

"आमच्यात येकादा शब्द जास्ती टाकायचा होतास."

"टाकला होता. मग त्यांच्यातही टाकला."

महिन्याभरात संस्थेतून एका बाईंचा फोन आला. म्हणाल्या, आम्ही दोघं जण येऊन तुमची कला प्रत्यक्ष बघणार. तुमच्या गावी एका रविवारी, त्या दुसऱ्या मंडळाच्या गावी पुढच्या रविवारी. मी म्हटलं, या. आणि मंडळींना सांगितलं, व्याह्यांना आमंत्रण द्या.

सूनबाई म्हणाली, "बाबा, ते तुमचे स्पर्धक आहेत."

"म्हनूनच बोलवायचं. मैत्रांत बारी कोन करतो?"

बारी म्हणजे काय ते इथं सांगायला पाहिजे. दोन मंडळं समोरासमोर बसतात. एक बुवा गातो, गाता गाता पुराणातला सवाल टाकतो. दुसऱ्यानं आपल्या वेळेला गाऊनच त्याचं उत्तर द्यायचं आणि आपला सवाल टाकायचा. मध्ये एकमेकांची उणीदुणी काढायची, तीही तालात. हे एकट्यानं होत नाही. एका हातानं टाळी वाजवून दाखवा म्हणाल तर मी हात खाली ठेवून बसेन. आणि या सगळ्या पट्ट्यात माझ्यासमोर बसण्याच्या लायकीचा एकच बुवा, तो नेमका माझा व्याही. मी फोन लावला.

"व्याही, आमच्याकडं बारी हाय."

"ठाव हाय. पुडच्या आयतवारी आमच्याकडं पन हाय."

"मग येताव का?"

"तुमी येताव का?"

"येतो."

"मग येतो."

एवढंच. आभार वगैरे आमच्यात नसतं.

आता बारीचा एक रिवाज. हा कुठं लिहिलेला नाही, आणि मी लिहायलाही नको होता, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्याच्या अंगणात बारी, त्यानं पाहुण्याचा शेवटचा सवाल सोडायचा. उत्तर येत असलं तरी द्यायचं नाही. हात जोडून म्हणायचं, आम्हाला ठाव नाही. पाहुण्यानं ताठ मानेनं घरी गेलं पाहिजे. आणि मुद्दाम सोडला हे जन्मात कुठं बोलायचं नाही. सांगून सोडलेला सवाल म्हणजे सोडलेला नव्हे, भीक घातलेला. माझ्या गुरूनं मला तसं शिकवलं, व्याह्यांच्या गुरूनं त्यांना. गावची माणसं हे जाणतात आणि गप्प बसतात. अनुदान देणाऱ्या बाईंना हे कसं माहीत असणार, याचा विचार आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

रविवारी बाई आल्या. सुती साडी, पायात चपला साध्या, बोलणं पुण्याकडचं आणि गोड. त्यांच्याबरोबर कॅमेरावाले एक गृहस्थ, त्यांचे केस माझ्याइतकेच पांढरे. देवळासमोर मांडव घातला होता. पाणीवाला मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. खिशातून टेप डोकावत होती.

पाहुणे म्हणून व्याही आधी बसले. नमन झालं, देवाच्या रूपाचा अभंग झाला, आणि त्यांनी मला घेतलं. गातागाता म्हणाले, खाडीकाठचा बुवा बसलाय, आवाज घरी सुकत घातलाय. मांडव हसला. मी माझ्या वेळेला म्हटलं, घरी सुकत घातला तरी तुझ्या गावापर्यंत येतो, तुझा तर ट्रेलरखाली गेला. आणखी हसला. बाई मात्र गोऱ्यामोऱ्या झाल्या. सूनबाईकडे वाकून त्यांनी विचारलं, "हे भांडण आहे का?"

"नाही मॅडम," सूनबाई म्हणाली, "नातं आहे."

माझी गौळण त्या दिवशी अशी लागली की कॅमेरावाले गृहस्थ कॅमेरा मांडीवर ठेवून नुसते ऐकत बसले. मला वाटलं, पत्रा आला. मग व्याह्यांनी शेवटचा सवाल टाकला. चार लेकांची नावं दुनिया घेते, म्हणाले, पण दशरथाला एक लेक होती. दिली दुसऱ्या घरी. तिचं नाव आता कोण घेतो? हे गाताना त्यांनी माझ्या सूनबाईकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. मी घरात तिला सूनबाई म्हणतो, नावानं हाक मारत नाही, त्यावर तो टोमणा होता. तो मला लागला. पण सवाल सोपा होता. शांता. ऋष्यशृंगाला दिलेली. गावातल्या प्रत्येक लग्नात मुलगी पाठवताना मीच ती गोष्ट सांगत आलोय.

पखवाजवाल्यानं हलकेच बोटं फिरवली, म्हणजे बुवा, सुरू करा. बाईंनी पेन उघडलं होतं. मी देवळाच्या मागं बघितलं, तिथून पत्र्याचा एक कोपरा दिसतो, गंजून भज्यासारखा लाल झालेला. ते नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं. मी हात जोडले.

"आमच्या मंडळाला ठाव नाय," मी म्हटलं. "पाव्हन्यांनी सांगावं."

आता इथं पाहुण्यानं काय करायचं असतं? उत्तर दोन शब्दांत सांगून गजर उचलायचा असतो. व्याह्यांनी माईक हातात घेतला. बाईंकडे तोंड करून त्यांनी ती कोणाची लेक, कोणाला दत्तक दिली, कोणाची बायको झाली, सगळं शाळामास्तरासारखं सांगितलं. आणि वर म्हणाले, "आमचे व्याही भोळे हायत. वय झालं, इसरतात."

माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान असलेला माणूस हे म्हणाला. बाईंनी लिहून घेतलं.

त्यानंतर ते माझ्या घरी जेवले. खाडीतल्या जिताड्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती. मी स्वतः वाढलं, रिवाज म्हणजे रिवाज. व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं आणि म्हणाले, "कालवन बरं झालंय."

"बरं?" मी विचारलं.

"बरं म्हंजे बरंच."

तो आठवडा मी कोणाशी धड बोललो नाही. पुढच्या रविवारी मी पाहुणा होतो आणि शेवटचा सवाल माझा होता. पखवाजवाला मला रोज एक अवघड सवाल आणून द्यायचा, कुठल्या कुठल्या राक्षसाच्या आजीचं नाव वगैरे. मी म्हटलं, राहू दे, मी काढलाय.

व्याह्यांच्या गावी बारी रंगली. माझा आवाजही बरा होता आणि ट्रेलरही त्या दिवशी थोडे दमाने चालले होते. त्यांनी मांडव मोठा घातला होता, सगळा गाव लोटला होता, पुढं सतरंजीवर म्हाताऱ्या. बाई आणि ते गृहस्थ खुर्च्यांवर. शेवटची वेळ माझी आली. मी पेटी थांबवली, टाळ थांबवले, आणि सावकाश, एकेक शब्द बाईंना ऐकू जाईल असा म्हटला.

"रामाच्या बापाचं नाव सांगा."

लांबून एक ट्रेलर मागे घेत होते, त्याचा टीं टीं आवाज तेवढा येत होता.

सवालात चूक काही नव्हती, हे मी आजही म्हणतो. सवाल किती अवघड असावा असा कुठंही नियम नाही. उत्तर दिलं असतं तर त्यांनी आपल्याच अंगणात पाहुण्याचा सवाल मारला असा डाग साऱ्या खाडीपट्टीत लागला असता. नाही दिलं तर बाई लिहून घेणारच होत्या. व्याही माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मिशा हलल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी "दश..." म्हणाली, तर शेजारणीनं तिला असा चिमटा काढला की ती "आई गो" म्हणून उठली. विहीणबाई बायकांतून म्हणाल्या, "अवो, काय झालं तुमाला?"

व्याह्यांनी टोपी नीट केली आणि हात जोडले.

"आमच्या मंडळाला ठाव नाय," ते म्हणाले. "पाव्हन्यांनी सांगावं."

मी माईक घेतला. बाईंकडे तोंड केलं. "दशरथ," मी म्हटलं. "आमचे व्याही भोळे हायत."

गजर त्यांनीच उचलला, आणि सुरात उचलला. कॅमेरावाल्या गृहस्थांचं तोंड मात्र उघडं राहिलं होतं.

परतताना टेम्पोत सूनबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसली. घरी येऊन तिनं चहा ठेवला. कप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "साखर घातलीय का ते ठाऊक नाही. आमच्या माहेरी कोणाला काही ठाऊक नसतं."

"मी काय वंगाळ इचारलं?"

"काही नाही. उद्या तुमच्या नातीनं शाळेत सांगायचं, एका आजोबांना रामाचे वडील माहीत नाहीत आणि दुसरे आजोबा त्यावर माईक घेऊन बोलले."

साखर घातली नव्हती. मी तसाच प्यालो. मागितली नाही.

मग आम्हाला दोघांना मुलाखतीला बोलावलं, शहरातल्या तळ्याजवळच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर. व्याही इस्त्रीचं धोतर नेसून आले होते. मीही. बाकावर आम्ही शेजारी बसलो, मध्ये सूनबाई. तिनं त्या दिवशी अर्धी रजा काढली होती आणि कोणाच्या बाजूला तोंड करायचं नाही म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मी आत जाऊन सांगू का?" ती भिंतीला म्हणाली. "तुमच्या त्या रिवाजाचं? एका मिनिटाचं काम आहे."

"सांगायचं नाय," मी म्हटलं.

"नाय सांगायचं," व्याही म्हणाले. त्या महिन्यात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

आत बाईंनी पाणी दिलं, पंखा वाढवला. खरंच भली बाई. म्हणाल्या, "काका, तुमचं दोघांचं गाणं फार सुंदर आहे. पण आम्हाला एक कळलं नाही. तुम्हाला त्या दिवशी दशरथाच्या मुलीचं नाव खरंच माहीत नव्हतं? की आठवलं नाही?"

एक शब्द बोललो असतो तर पत्रा माझा होता. बाईंनी दारच उघडून दिलं होतं. गुरू जाऊन किती वर्षं झाली, पण त्या खोलीत ते मला खुर्चीच्या मागे उभे असल्यासारखे वाटले.

"नव्हतं म्हाईत," मी म्हटलं. "आता व्याह्यांनी सांगितलंय, आता म्हाईत हाय."

बाई व्याह्यांकडे वळल्या. जरा अडखळल्या. "आणि तुम्हाला... रामाच्या वडिलांचं?"

"त्या दिवशी नव्हतं ठाव," व्याही म्हणाले. "ह्यांनी सांगितलं. चांगला मानूस हाय."

कॅमेरावाले गृहस्थ चष्मा काढून पुसायला लागले. बाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या मंडळांत पुराणकथा शिकवायला कोणी नाही का?"

आम्ही दोघांनी पाण्याचे पेले उचलले. बाहेर आल्यावर व्याही म्हणाले, भजी खाऊ या. खाल्ली. पैसे कोणी द्यायचे यावरून गाडीवाल्यासमोर थोडी ओढाताण झाली, ती सूनबाईनं मोबाईल दाखवून मिटवली.

नवरात्र संपलं आणि निकाल आला. सूनबाईनं तो मोबाईलवर वाचायला सुरुवात केली, मध्येच खाली बसली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला एवढं हसताना मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितलं.

"मिळालं का?" मी विचारलं.

"मिळालं. दोन्ही मंडळांना मिळून." ती पुन्हा हसली. "दोन्ही मंडळांच्या गायनाचा दर्जा उत्तम आहे. मात्र कथाज्ञानाचा पाया कच्चा आढळला. म्हणून पुराणकथा प्रशिक्षण वर्गासाठी अनुदान."

"वर्ग? कोनाचा?"

"तुमचा, बाबा. तुमचा आणि माझ्या बाबांचा. रामायणापासून सुरुवात."

मी म्हटलं, नको. परत करून टाक. तिसरीतून मी माझ्या पायांनी उठून आलोय, आता पंचाहत्तराव्या वर्षी बाकावर जाऊन बसणार नाही, तेही दशरथ शिकायला. आकडा किती होता ते मी विचारलंही नाही, आणि आता ठाऊक आहे तर सांगत नाही. आकडा सांगितला की गावात भाऊबंद वाढतात.

मी दोन दिवस नको म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणीवाल्यानं लोखंडी मांडण्या आणून देवळाच्या भिंतीला लावून ठेवल्या. पखवाजवाला आला आणि पखवाज घरी घेऊन गेला. इतक्या वर्षांत तो पखवाज खोलीबाहेर रात्रभर राहिला नव्हता.

मग व्याह्यांचा फोन आला.

"मी सही केली," ते म्हणाले.

"लाज नाय वाटली?"

"वाटली. पन वर्गाला लागनारं सामान घेता येतंय त्याच्यात. माईक चांगले हायत."

मी फोन ठेवला आणि सूनबाईला हाक मारली. "त्या कागदात सामानाचं हाय, तसं जागेचं काय हाय?"

ती वाट बघतच होती. तिनं मोबाईल पुढं धरला. "प्रशिक्षणाची जागा कोरडी व सुरक्षित असावी. आवश्यक ती डागडुजी अनुदानातून करता येईल."

"पत्रा डागडुजीत येतो?"

"मी फोन करून विचारलं. येतो."

"कवा इचारलंस?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही नको म्हणत होता तेव्हा."

संध्याकाळी आम्ही तळ्याजवळच्या त्या इमारतीत गेलो. बाईंनी कागद पुढं केला. व्याह्यांची सही आधीच होती, मोठी, ओळीबाहेर गेलेली. मी माझी तिच्याखाली केली, तिच्यापेक्षा थोडी मोठी. मग बाई म्हणाल्या, "इथं शिक्षकाचं नाव लागेल. त्या काकांनी जागा कोरी सोडलीय. व्याही सांगतील ते लिहा, म्हणाले."

म्हणजे हाही सवाल त्यांनी माझ्यावरच टाकला होता. मी टोपी काढून हातात घेतली. पंचक्रोशीतले सगळे बुवा डोळ्यासमोर आणले, आणि त्यातल्या एकाच्याही समोर बसायचं मला जमणार नव्हतं. मागं सूनबाई उभी होती. हिनं एका ओसरीवर बापाच्या मांडीवर बसून सगळ्या गोष्टी ऐकल्या आणि लग्नानंतर दुसऱ्या ओसरीवर माझ्याकडून.

मी तिचं नाव घेतलं. घरात कधी घेत नाही, त्यामुळे जीभ जरा अडली, पण पूर्ण घेतलं, नवऱ्याचं लावून. मग म्हटलं, "आनि बापाचं बी घाला. दोनी घाला."

बाईंनी लिहिलं. विचारलं, "यांना या विषयाची माहिती आहे ना?"

"दोन घरची हाय," मी म्हटलं.

जिन्यावरून उतरताना सूनबाई म्हणाली, "हजेरी घेणार मी. उशीर चालणार नाही." आणि घरी आल्यावर चहा दिला, त्यात साखर इतकी होती की डॉक्टरनं ऐकलं असतं तर मला बोल लावला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, टोपी घातली, घरातली शिडी खांद्यावर घेतली आणि देवळामागे गेलो. अनुदानाचे पैसे यायला वेळ होता, पण पत्रा काढायला पैसे लागत नाहीत. पाणीवाला आधीच तिथं होता. मांडण्या आत बसतात का बघायला दारात टेप धरून उभा. माझ्याकडे बघून म्हणाला, "बुवा, ह्या वयात वर चढताव?"

"माप मंग घे," मी म्हटलं. "आदी शिडी धर."

त्यानं टेप खिशात टाकली आणि शिडी धरली. मी वर चढलो आणि पहिला पत्रा ओढला. तो गंजका, हातात तुकडे पडणारा. जेवढा अख्खा निघाला तेवढा मी त्याच्याच हातात खाली दिला.